आधी पान काय सांगणार ते ठरव

ताई, माझा धाकटा भाऊ शिकायला दूर जातोय. अजून तीन महिने आहेत. तोवर त्याच्या लहानपणाचं स्क्रॅपबुक करून त्याच्या हातात द्यावं असं मनात आहे. जुने अल्बम आणि पाकिटं मिळून दोनेकशे फोटो निघाले. शिवाय त्याची प्रगतिपुस्तकं, त्याने काढलेली चित्रं, प्रवासाची तिकिटं. बारा इंची कागद, स्टिकर, रंगीत टेप असं सगळं आणलं आणि दोन पानं केली. पहिल्यावर नऊ फोटो लावले, ते गच्च झालं. दुसऱ्यावर एकच लावला तर उघडंबोडकं वाटलं, म्हणून भोवती इतके स्टिकर लावले की फोटोकडे लक्षच जाईना. आता तिसऱ्या कागदाला हात लावायची भीती वाटते. फोटो कसे मांडायचे, रंग कसे निवडायचे? जुने फोटो कापले तर चालतील का? आणि माझं अक्षर वाईट आहे, मजकूर छापून लावू का?
— चित्रकलेत कच्ची

प्रिय मैत्रिणी,

चित्रकलेचा इथे काही संबंध नाही, हे आधी सांगते. तुझी दोन्ही पानं एकाच कारणाने बिघडली आहेत. पहिल्या पानावर नऊ फोटो सारख्याच आकाराचे, सारख्याच तोऱ्यात बसलेले. नऊ माणसं एकदम बोलायला लागली की कुणाचंच धड ऐकू येत नाही, तसं ते पान झालं. दुसऱ्यावर मुख्य फोटो होता, पण तो सजावटीखाली दबला. दोन्ही वेळा तू सामान पुढ्यात घेऊन बसलीस. पानाला सांगायचंय काय, हे ठरायच्या आधीच कागद आणि टेप हातात आले. नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण असंच करतात, कारण साहित्य सुंदर असतं आणि ते वापरायची घाई होते.

म्हणून पुढचे काही दिवस कात्री आणि टेप कपाटातच राहू देत. मोठ्या टेबलावर नाहीतर जमिनीवर सगळे फोटो पसर. दोनशेच्या दोनशे फोटो लावायचे नाहीत, हे मनाशी पक्कं कर. तीन महिन्यांत आठवड्याला दोन पानं या वेगाने चोवीस पानं आरामात होतात. पानाला सरासरी तीन फोटो धरले तर बहात्तर. उरलेले फोटो फेकायचे नाहीत, डबीत नीट ठेवायचे, पण ते या वहीचे नाहीत. हा निर्णय एकदा घेतलास की निम्मं ओझं उतरेल.

आता फोटोंचे गट कर, पण वर्षांप्रमाणे नको. "दुसरी इयत्ता", "तिसरी इयत्ता" असे ढीग केलेस की त्या वर्षाचं जे काही असेल ते सगळं त्या पानावर कोंबावंसं वाटतं. गट गोष्टींप्रमाणे कर: त्याचं सायकल शिकणं, त्याचे मित्र, त्याची झोपायची तऱ्हा, तुम्हा दोघांची भांडणं आणि समेट. प्रत्येक गटासाठी एका चिठ्ठीवर एकच वाक्य लिही, या पानाने काय सांगायचं त्याचं. "आम्ही समुद्रावर गेलो होतो" हे वाक्य चालणार नाही, ते फोटोत दिसतंच. "पाण्याला घाबरणारा हा मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा गुडघाभर पाण्यात उतरला", हे वाक्य चालेल. असं वाक्य हातात आलं की मुख्य फोटो कोणता हे तुला शोधावं लागत नाही. सगळे हसून उभे आहेत तो फोटो बाजूला पडतो आणि ज्यात तो एका हाताने तुझा हात घट्ट धरून पाण्याकडे बघतोय, थोडा हललेला का असेना, तो पुढे येतो. फोटो तांत्रिकदृष्ट्या चांगला असण्यापेक्षा त्या वाक्याचा असणं महत्त्वाचं.

ज्या गटासाठी वाक्यच सुचत नाही, त्याचं पान करू नकोस.

मांडणीकडे येते. तुझं पहिलं पान का गच्च झालं ते साध्या गुणाकाराने कळतं. तुझा कागद बारा बाय बारा इंच, म्हणजे १४४ चौरस इंच. नेहमीचा फोटो चार बाय सहा, म्हणजे २४ चौरस इंच. सहा फोटो लावले की कागद कडेपासून कडेपर्यंत भरतो. नऊ फोटोंना २१६ चौरस इंच जागा लागते, तेवढी पानावर नाहीच. म्हणजे तू एकतर फोटो एकमेकांवर चढवले असणार, नाहीतर भरपूर कापले असणार. मथळा आणि मजकूर कुठे जाणार होते? सुरुवातीला फोटोंनी पानाचा साधारण एक तृतीयांश भाग घ्यावा, फार तर निम्मा. बाकीच्या जागेतच लिहिणं येतं आणि मोकळीकही येते.

एक मांडणी देते, ती जशीच्या तशी करून बघ. उभा मुख्य फोटो घे, चार इंच रुंद आणि सहा इंच उंच. त्याच्या उजवीकडे पाव इंच फट सोडून, तीन इंच रुंदीचे दोन छोटे फोटो एकाखाली एक ठेव. त्यांची उंची अशी काप की मधली पाव इंच फट धरून दोघांची मिळून बरोबर सहा इंच भरेल. आता हे तिन्ही फोटो मिळून सव्वासात बाय सहाचा एक ठोकळा तयार झाला. हा ठोकळा पानाच्या मधोमध न ठेवता डाव्या कडेपासून एक इंच आणि वरच्या कडेपासून दीड इंच आत ठेव. उजवीकडे जी उभी पट्टी उरते तिथे मजकूर आणि ठोकळ्याखाली मथळा. झालं. फोटोंनी १४४ पैकी एक्केचाळीसच्या आसपास चौरस इंच घेतले, आणि तरीही पान भरलेलं दिसेल.

ही मांडणी का चालते ते सांगते, म्हणजे उद्या तू तुझी स्वतःची करशील. पहिलं कारण, फोटो एकमेकांजवळ आहेत. जवळ ठेवलेल्या गोष्टी डोळा एकत्र वाचतो. तुझ्या नऊ फोटोंतले तीनच घेऊन ते तीन कोपऱ्यांत लावले असतेस, तरी पान विस्कटलेलंच वाटलं असतं. दुसरं, आतल्या फटी बाहेरच्या समासापेक्षा लहान आहेत आणि सगळ्या सारख्या आहेत. एक फट पाव इंच, दुसरी अर्धा इंच, तिसरी तिरकी असं झालं की पाहणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. पट्टीने मोजायचा कंटाळा करू नकोस. किंवा पाव इंच रुंदीची जाड कागदाची पट्टी कापून ठेव आणि तीच प्रत्येक फटीत ठेवून बघ. तिसरं कारण, मुख्य फोटो मधोमध नाही. कागदावर मनातल्या मनात दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा ओढून नऊ सारखे चौकोन कर, तुझ्या कागदावर ते चार-चार इंचांचे होतील. त्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात, त्या चार जागांपैकी एकीवर मुख्य फोटोतला चेहरा यावा, निदान तिच्या जवळपास तरी. फोटोग्राफर मंडळी हेच तंत्र वापरतात.

आणि चेहऱ्याची नजर पानाच्या आत असू दे. भाऊ उजवीकडे बघत असेल तर तो फोटो डाव्या बाजूला ठेव. नाहीतर तो वहीबाहेर बघतोय असं वाटतं आणि वाचणाऱ्याची नजरही त्याच्यामागे बाहेर जाते. फोटो उलटा छापून ही अडचण सोडवायचा मोह होईल. करू नकोस. कपड्यावरची अक्षरं उलटी होतात, भांग उलटा पडतो, आणि घरच्या माणसांना ते लगेच कळतं.

फोटो तिरके लावण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या दहा पानांत एकही तिरका फोटो नको. हात बसला की एखादा, आणि तोही बाकी सगळं सरळ असताना.

आता दुसऱ्या पानाचं बघू, जिथे एक फोटो होता आणि तुला रिकामं वाटलं. रिकाम्या जागेत काही वाईट नाही. तिच्यामुळेच फोटोला वजन येतं. पण चार बाय सहाचा एकुलता एक फोटो बारा इंची कागदावर खरंच हरवतो, त्यामुळे तुझं वाटणं चुकीचं नव्हतं. उपाय मात्र चुकला. त्या फोटोला सोबत नको होती, आधार हवा होता. तो दोन तऱ्हांनी देता येतो.

पहिली तऱ्हा, फोटो मोठा छापायचा. आठ बाय दहा इंचांचा फोटो पानाचा निम्म्याहून अधिक भाग व्यापतो, आणि अशा पानाला मथळा व चार ओळी सोडून काहीही लागत नाही. जुना छापील फोटो असेल तर तो इंचाला ६०० ठिपके या घनतेने स्कॅन करून घे. चार बाय सहाचा फोटो असा स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल पुरतात, म्हणजे तोच फोटो लांबी-रुंदीने दुप्पट, आठ बाय बारा इंच छापता येतो. मूळ फोटो स्पष्ट नसेल तर मात्र स्कॅन कितीही चांगला केला तरी तो स्पष्ट होणार नाही. असा फोटो लहानच ठेव.

दुसरी तऱ्हा, फोटोखाली थर द्यायचे. फोटोपेक्षा चारी बाजूंनी ३ मिलिमीटर मोठा, साध्या रंगाचा कागद त्याच्याखाली चिकटव. एवढ्या बारीक किनारीनेही फोटो पानापासून वेगळा उठून दिसतो. त्याखाली नक्षीच्या कागदाची तीन-चार इंच रुंद पट्टी पानाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत आडवी जाऊ दे. फोटो आता पानाच्या मधे तरंगत नाही, दोन्ही कडांशी बांधला जातो. हे एकदा करून बघितलंस की एवढे स्टिकर का लागत होते ते तुझं तुला समजेल.

रंग मुख्य फोटोतूनच उचल. दुकानात आवडलेला कागद पुढे ठेवून त्याला जुळणारा फोटो शोधणं ही उलटी वाट आहे. फोटोत बारकाईने बघ. सगळ्यात जास्त पसरलेला रंग, समज वाळूचा किंवा भिंतीचा, तो पानाच्या तळासाठी फिक्या छटेत घे. मग फोटोत अगदी थोडा असलेला एक रंग शोध: दप्तराचा पट्टा, टोपीची कड, बादली. हा लहान रंग तुझा खरा सोबती. तो पानावर तीनच ठिकाणी, थोडा थोडा, आणि मुख्य फोटोभोवती त्रिकोण होईल असा आला पाहिजे. म्हणजे मथळ्याचं एखादं अक्षर, फोटोखालची किनार आणि मजकुराच्या बाजूची एक बारीक पट्टी. नजर त्या तीन ठिकाणांवरून फिरते आणि दर फेरीत फोटोवरून जाते. दोन रंग आणि एक पांढरा, करडा किंवा मातकट, एवढ्यात भागव. तळाचा कागद साधा असू दे. नक्षीचे कागद पानाच्या पाव भागापेक्षा जास्त दिसायला नकोत. दोन नक्षी एकत्र घ्यायच्या असतील तर एक मोठ्या आकृतीची आणि दुसरी अगदी बारीक, ठिपक्यांची किंवा रेघांची घे. दोन मोठ्या नक्षी शेजारी आल्या की भांडतात.

तुझ्याकडे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो आहेत, त्यामुळे एक अडचण नक्की येईल. जुने रंगीत फोटो लालसर झालेले असतात, कारण त्यांतला निळसर रंग बऱ्याचदा आधी उडतो. असा लालसर फोटो आणि अलीकडचा हिरवागार फोटो एकाच पानावर आले तर कुठलाच कागद दोघांना जुळत नाही. अशा वेळी त्या पानावरचे सगळेच फोटो कृष्णधवल छापून घे. वाद मिटतो, आणि वर एक रंग तुला हवा तो घेता येतो.

जुने फोटो कापावेत का? मूळ फोटो कधीही कापू नकोस. त्यातला नकोसा वाटणारा कोपरा, मागचं कपाट, कुणाचा तरी अर्धा दिसणारा हात, यातलं काय वीस वर्षांनी मोलाचं ठरेल हे आज सांगता येत नाही. स्कॅन कर, प्रत छाप आणि प्रत हवी तशी काप. कॅमेऱ्यातून तयार होऊनच बाहेर येणारे झटपट फोटो तर मुळीच कापायचे नाहीत. त्यांच्या थरांमध्ये रसायनं असतात, आणि कडा उघडल्या की थर सुटू लागतात. प्रती वापरण्याचा आणखी एक फायदा आहे. चूक झाली तर दुसरी प्रत छापता येते, आणि एवढं कळलं की हात आपोआप मोकळा होतो. तुझी कोऱ्या कागदाची भीती बरीचशी इथेच जाईल असं मला वाटतं.

तुझ्या जुन्या अल्बमांत चिकट पानं आणि वरून प्लास्टिकचा पडदा असेल, तर फोटो ओढून काढू नकोस. तो डिंक वर्षानुवर्षं घट्ट होत जातो. दात साफ करायचा बारीक दोरा, म्हणजे फ्लॉस, घे. सुगंध नसलेला घे. फोटोच्या एका कोपऱ्याखाली तो सरकव आणि करवतीसारखा हळूहळू मागेपुढे करत फोटोखालून पुढे ने. जिथे अडेल तिथे थांब. फोटो वाकायला लागला तर त्याला तिथेच राहू दे आणि पानासकट स्कॅन कर. मागच्या बाजूला कुणी काही लिहिलं असेल तर त्याचाही फोटो काढून ठेव. तुला स्वतःला मागे काही लिहायचं असेल तर मऊ शिसपेन्सिल वापर आणि कडेला हलक्या हाताने लिही. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूने उमटतो.

प्रगतिपुस्तकं आणि तिकिटं यांच्याही प्रतीच लाव. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे तो काळानुसार पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि त्याचं आम्ल शेजारच्या फोटोलाही लागतं. गुळगुळीत कागदावरची छापील तिकिटं बऱ्याचदा उष्णतेने छापलेली असतात. त्यांत शाई नसतेच, त्यामुळे ती काही वर्षांत कोरी होतात. ती आजच स्कॅन कर. भावाच्या चित्रांसाठी एक सोपी युक्ती आहे: ए-४ आकाराचं चित्र पन्नास टक्के लहान करून छापलं की ते ए-६ होतं, म्हणजे जवळजवळ नेहमीच्या फोटोएवढंच. मग ते वरच्या मांडणीत मुख्य फोटोच्या जागी जवळजवळ तसंच बसतं. मुलाचा फोटो आणि त्याच वर्षी त्याने काढलेलं चित्र शेजारी शेजारी आले, तर त्या पानाला दुसरी कुठलीही सजावट लागत नाही.

चिकटवण्याबद्दल थोडंच सांगते. पातळ डिंकाने कागद फुगतो आणि वाळताना सुरकुततो. कागदाला ग्लू स्टिक आणि फोटोच्या प्रतींना दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापर. दोन्ही घेताना त्यावर 'ॲसिड-फ्री' लिहिलेलं बघून घे. साधी पारदर्शक टेप काही वर्षांत पिवळी पडते आणि सुटते, आणि रबराचं सोल्युशन फोटोला डागाळतं. एखादा मूळ फोटो लावायचाच असेल तर फोटो कॉर्नर, म्हणजे फोटोचे कोपरे अडकवायचे छोटे खिसे, वापर, म्हणजे तो केव्हाही काढता येईल. पानांवरची प्लास्टिकची कव्हरं पॉलिप्रॉपिलीनची घे, पीव्हीसीची नको. काही साहित्यावर 'पी.ए.टी. उत्तीर्ण' असं लिहिलेलं असतं. फोटोंना त्या साहित्यापासून धोका आहे का हे तपासणारी ती चाचणी आहे, आयएसओ १८९१६ या मानकाप्रमाणे होणारी. मिळालं तर तेच घे. चिकटवहीतल्या डिंकाने लोकांना फार पूर्वीपासून छळलंय. मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने १८७३ मध्ये आधीच गोंद लावलेल्या पानांच्या चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. पानाला फक्त पाणी लावायचं आणि कात्रण दाबायचं.

काहीही चिकटवण्याआधी सगळं पान नुसतं मांडून ठेव आणि फोनने त्याचा फोटो काढ. फोनच्या छोट्या पडद्यावर, आणि शक्य तर कृष्णधवल करून, ते बघ. आधी नजर मुख्य फोटोवर जाते का? जात नसेल तर जिथे जातेय ती गोष्ट काढून टाक किंवा लहान कर. रात्रभर तसंच राहू दे आणि सकाळी पुन्हा बघ. स्टिकरांची पाळी सगळ्यात शेवटी, मजकूर लिहून झाल्यावर. ते एकेकटे रिकाम्या कोपऱ्यात नकोत. तीनचा एक झुबका करून मुख्य फोटोच्या कोपऱ्याला किंवा मथळ्याला लगटून लाव. लावण्याआधी ते हाताने झाकून बघ. स्टिकर नसताना पान पुरेसं वाटत असेल, तर ते पान झालेलं आहे. जाड, उठावाच्या वस्तू शक्यतो टाळ, वही मिटली की समोरच्या पानावरच्या फोटोवर त्यांचा वळ उठतो. उघडलेल्या वहीत दोन पानं एकदम दिसतात हेही ध्यानात ठेव. समोरासमोरच्या दोन पानांचे तळाचे रंग एकाच घराण्यातले असू देत.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा तुझा प्रश्न, अक्षराचा. मजकूर छापू नकोस. मथळा हवा तर छाप, कापलेल्या अक्षरांचा कर, पण मजकूर तुझ्या हाताचा असू दे. फोटो कुणीही पुन्हा छापू शकतं, हे अक्षर तुझं आहे आणि तुझ्या भावाला ते ओळखता येतं. वाचता आलं की झालं, वळणदार असायची गरज नाही.

ते वाचता यावं यासाठी एवढं कर. पानावर थेट लिहू नकोस. वेगळ्या फिक्या कागदाच्या तुकड्यावर शिसपेन्सिलने साताठ मिलिमीटर अंतरावर हलक्या रेघा ओढ आणि आधी मजकूर कच्चा लिहून बघ, म्हणजे किती ओळी होतात ते कळेल. मग रंगद्रव्याच्या, पाण्याने न फुटणाऱ्या शाईच्या ०.५ मिलिमीटरच्या पेनाने लिही. शाई पूर्ण वाळली की रेघा खोड. बिघडलं तर फक्त तो तुकडा बदलायचा, पान नाही. मराठीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार येतात, त्यामुळे ओळी फार दाटीने नकोत. अक्षर लहान काढायच्या प्रयत्नातच ते जास्त बिघडतं, थोडं मोठंच काढ.

आणि काय लिहायचं? फोटोत दिसतं ते लिहू नकोस. "समुद्रावर मजा केली", "गोड आठवणी", "सोनेरी क्षण" असली वाक्यं कुणाच्याही वहीत कुणाच्याही फोटोखाली बसतील. जे फोटोत नाही ते लिही. फोटो कुणी काढला? त्याच्या आधी काय झालं होतं, नंतर काय झालं? तो त्या वेळी कुठला शब्द चुकीचा म्हणायचा? हातातलं ते खेळणं पुढे कुठे गेलं? पानावर कुठेतरी तारीख, निदान वर्ष, ठिकाण आणि सगळ्यांची पूर्ण नावं नात्यासह असू देत. "डावीकडून दुसरी" कोण हे आज सगळ्यांना माहीत आहे, पुढच्या पिढीला नसेल.

तू भावाला उद्देशून लिही, त्याच्याविषयी नको. "तो पाण्याला घाबरायचा" हे वाक्य आणि "तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की बोटं दुखली, पण सोड म्हणाले नाही, कारण तू पुढे चालत होतास" हे वाक्य शेजारी ठेवून बघ. दुसरं लिहायला जास्त वेळ लागत नाही, मात्र आठवायला लागतो. पाच-सहा ओळी पुरतात. तुला आठवत नसेल तिथे आईवडिलांना फोटो दाखव आणि ते बोलतील ते लगेच टिपून घे. त्यांचे शब्द सुधारू नकोस. जमलं तर दोन-तीन पानांवर मजकूर त्यांनाच लिहायला सांग. सगळं एकाच हाताचं असण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. भांडणांचं, आजारपणाचं, एखाद्या नापास झालेल्या विषयाचंही पान कर. लहानपण म्हणजे फक्त हसरे फोटो नव्हेत, हे त्यालाही ठाऊक आहे.

सुरुवात पहिल्या पानापासून करू नकोस आणि तुला सगळ्यात प्रिय असलेल्या फोटोपासून तर नकोच. मधली, फार हळवी नसलेली एखादी गोष्ट घे, सायकलची घे. पानं सुटी राहतात असा, स्क्रूचा किंवा कड्यांचा अल्बम असेल तर क्रम शेवटी लावता येतो. सायकलचं पान झालं की वरचीच मांडणी आरशात दिसेल तशी फिरवून दुसरं कर, मग पान आडवं फिरवून तिसरं. चोवीस पानांना चोवीस मांडण्या लागत नाहीत. चार पुरतात, आणि वही एकसंध दिसते.

बारा इंची पानांचा अल्बम बाहेरून बाराहून मोठा आणि चांगलाच जड होतो, तेव्हा भावाची बॅग आधी मोजून घे. मावत नसेल तर तेच कागद आठ बाय आठ इंच कापून छोटी वही कर, कापून उरलेल्या चार इंची पट्ट्या फोटोखालच्या आडव्या पट्टीसाठी कामी येतील. मोकळ्या जागेचं प्रमाण तेच ठेव, फक्त फोटो दोनच घे. अल्बम उभा, पुस्तकांमध्ये आधाराने ठेवायला त्याला सांग. ऊन आणि दमट भिंत यांपासून लांब. आणि त्याच्या हाती देण्याआधी प्रत्येक पानाचा, खिडकीच्या उजेडात, बरोबर वरून एक फोटो काढून स्वतःकडे ठेव. त्यासाठी पान प्लास्टिकच्या कव्हरातून बाहेर काढ, नाहीतर उजेडाची चकाकी मजकुरावरच येते.

तुझी,
ताई